निफाडला किती?

डिसेंबर लागला की नाशिकमध्ये सकाळचा पहिला प्रश्न हा असतो. कॉलेज रोडच्या चहाच्या टपरीवर, पंचवटीतल्या भाड्याच्या खोलीत, गंगापूर रोडच्या वसतिगृहात. आपल्या शहराचा पारा कुणी आधी विचारत नाही, निफाडचा विचारतात. निफाडजवळ कुंदेवाडीला गहू संशोधन केंद्र आहे. तिथल्या तापमापीवरचा आकडा सकाळी आठ-नऊपर्यंत जिल्हाभरच्या मोबाइलवर पोचलेला असतो आणि त्याखाली विशीतली मुलं-मुली आपापला शेरा मारून मोकळी होतात. कुणी आंघोळीला सुट्टी जाहीर करतं, कुणी रजईतून फक्त नाक बाहेर काढलेला फोटो टाकतं. आणि कुणीतरी रात्री दीड वाजता लिहून ठेवलेलं असतं की थंडी पडली की उगाचच रडायला येतं, का ते कळत नाही.

डिसेंबर २०१८ च्या अखेरीस निफाडचा आकडा २ अंशांच्याही खाली उतरला होता. वर्तमानपत्रांनी त्याचं भरपूर कौतुक केलं. या आकड्याबरोबर तरुणांच्या मनाचा पारा कुठे वर जातो, कुठे खाली येतो, याची बातमी मात्र सहसा होत नाही.

आधी हवामानाचं गणित. नाशिक शहर समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे. निफाड त्याहून थोडं खाली, गोदावरी आणि कादवेच्या सपाट खोऱ्यात. हिमालयात बर्फ पडून गेला आणि आभाळ मोकळं झालं की उत्तरेकडचे कोरडे वारे इकडे वाहू लागतात. रात्री ढगांचं पांघरूण नसलं की जमिनीची ऊब सरळ आभाळात निघून जाते. गार झालेली हवा जड होऊन सखल भागात साचते, म्हणून शिवारातली पहाट गावातल्या पहाटेपेक्षा जास्त बोचते. सगळ्यात नीचांकी पारा सूर्य उगवण्याच्या सुमारास नोंदला जातो. सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंशांवर किंवा त्याखाली आलं आणि ते सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी असलं, तर हवामान खातं थंडीची लाट आल्याचं सांगतं. गंमत अशी की त्याच दिवशी दुपारी ऊन चांगलं तापतं आणि सकाळचा स्वेटर कमरेला बांधून फिरावं लागतं.

थंडीने मन उदास होतं, ही समजूत तरुणांमध्ये चांगलीच रुजली आहे. परदेशी मालिका, रील्स, कुणाकुणाच्या बर्फाळ देशातल्या मावसभावाचे अनुभव यांतून ती आली असावी. तिच्यामागे शास्त्र नाही असं नाही. डॉ. नॉर्मन रोझेन्थाल हे मानसोपचारतज्ज्ञ दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गहून अमेरिकेत आले, तेव्हा तिथल्या हिवाळ्यात आपली उमेद ओसरते आणि वसंतात परत येते, हे त्यांच्या लक्षात आलं. पुढे १९८४ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऋतूबरोबर येणाऱ्या नैराश्याचं वर्णन शोधनिबंधात मांडलं. अशा रुग्णांना प्रखर उजेडासमोर ठराविक वेळ बसवण्याचा उपचारही त्यांनी वापरून पाहिला. यात दोष थंडीपेक्षा अंधाराकडे जास्त जातो. लंडनमध्ये डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस आठ तासांचाही भरत नाही. नॉर्वेतल्या ट्रोम्सो शहरात तर नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही.

आता नाशिक पाहा. २१ डिसेंबरला इथे सूर्य सातच्या थोडा पुढे उगवतो आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे अकरा तासांचा लख्ख उजेड. जूनमधल्या मोठ्यात मोठ्या दिवसापेक्षा हा दिवस फार तर अडीच तासांनी लहान. शिवाय आभाळ निळंशार. खरी काळोखी इथे जुलै-ऑगस्टमध्ये असते. इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यात तर आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही आणि कपडे वाळत नाहीत. तेव्हा उजेडाअभावी येणारं युरोपातलं उदासपण नाशिकच्या डिसेंबरला जसंच्या तसं चिकटवता येत नाही. इथला हिवाळा हा उलट बाहेर पडण्याचा ऋतू. पहाटे पांडवलेणीच्या पायऱ्यांवर, सोमेश्वरच्या धबधब्यापाशी, रविवारी मिसळीच्या ठिकाणी गर्दी होते ती याच दिवसांत. मग हिवाळ्यात रडायला येतं ते कशानं?

त्याचं एक उत्तर घड्याळात आहे. दिवस २१ डिसेंबरनंतर मोठा होऊ लागतो, पण सूर्योदय मात्र पुढेच सरकत राहतो. जानेवारीच्या मध्याला नाशिकमध्ये सूर्य उगवायला सात वाजून दहा मिनिटं होऊन जातात. संक्रांतीपासून दिवस तीळतीळ वाढतो असं घरोघरी म्हणतात. सकाळच्या बाजूने पाहिलं तर ते बरोबरच आहे. त्याआधीची वाढ सगळी संध्याकाळच्या खात्यात जमा झालेली असते. त्यात विशीतलं शरीर. माणसाचं झोपेचं घड्याळ पौगंडावस्थेत पुढे पुढे सरकतं आणि विशीच्या आसपास ते सर्वांत उशिरावर असतं, असं झोपेचे अभ्यासक टिल रोएनबर्ग यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवलं. म्हणजे ज्या वयात शरीर रात्री एकला झोपून नऊला उठायला मागतं, त्याच वयात सातचं प्रॅक्टिकल किंवा क्लास असतो आणि बाहेर अंधार असतो. आई-आजी याला सरळ आळस म्हणतात. आळस असतोही थोडा, रजईचा मोह कुणाला सुटलाय! पण आठवडाभर दोन-दोन तासांची झोप बुडत गेली की चिडचिड, रडू, कशातच लक्ष न लागणं हे सगळं ओघानं येतं. थंडीचं आणि त्याचं नातं एवढ्यापुरतंच.

सगळेच उशिरा उठतात असंही नाही. शहराच्या मध्यावर हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आहे, नाशिककर त्याला अजून गोल्फ क्लबच म्हणतात. ज्याच्या नावाचं हे मैदान, त्या अनंत कान्हेरेने २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. पुढच्या एप्रिलमध्ये त्याला ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. त्याचं वय तेव्हा विशीच्याही आतलं. आज या मैदानावर हिवाळ्याच्या पहाटे त्याच वयाची मुलं-मुली धावतात, ती पोलीस भरतीसाठी. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. धाप लागल्यावर तोंडातून वाफ निघते, कानटोपी घामाने भिजते, आणि मनगटावरच्या घड्याळात एखाद-दुसरा सेकंद कमी झाला तर तो दिवस चांगला जातो. हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत याच जिल्ह्यात धावत मोठी झाली आणि २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ सैन्यात जाऊन वल्हवायला शिकला आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला पोचला. धावणाऱ्या पोरांना ही नावं तोंडपाठ असतात. भरतीची जाहिरात कधी निघेल हे मात्र त्यांच्या हातात नसतं. वय वाढत जातं, जाहिरात लांबते, आणि घरी फोन केला की ‘काय झालं रे तुझ्या भरतीचं’ हा प्रश्न ठरलेला. मैदानावरच्या गप्पांत थंडीचं नाव घेऊन जे बोललं जातं, त्यातलं निम्मं या प्रश्नाबद्दल असतं.

परीक्षांचंही असंच. नाशिकमध्ये म्हसरूळला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, १९९८ पासूनचं. राज्यभरातले वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, परिचर्या या शाखांचे विद्यार्थी या विद्यापीठाचे. त्यांच्या परीक्षांची सत्रं दोन, उन्हाळी आणि हिवाळी. डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलीला ‘यंदाचा हिवाळा कसा गेला’ असं विचारलं तर ती कदाचित पेपर कसे गेले तेच सांगेल. बाकीच्या महाविद्यालयांतही सत्रपरीक्षा, सबमिशन, तोंडी परीक्षा नोव्हेंबर ते जानेवारी या काळात दाटीवाटीने येतात. मेसमध्ये आठला जेवण आटोपलं की झोपेपर्यंतचे चार-पाच तास हातात उरतात. उन्हाळ्यात हे तास गच्चीवर, रस्त्यावर, चौकात जातात. थंडीत दार लावून घेतलं जातं, खोलीतले तिघं तीन मोबाइलवर असतात. घर सोडून आलेल्या मुलाला एकटं वाटायला लागतं ते याच तासांत. कळवण, सुरगाणा, पेठ, नंदुरबार, धुळ्याकडून आलेल्यांना तर गावाकडच्या चुलीजवळची जागाही आठवते.

पण नाशिकच्या हिवाळ्याची खरी गोष्ट वसतिगृहात नाही, द्राक्षबागेत आहे.

ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी झाली की निफाड, दिंडोरी, चांदवडच्या बागांना जवळजवळ तान्ह्या मुलासारखं जपावं लागतं. घड निघाले की विरळणी, मग डिपिंग. डिपिंग म्हणजे मण्यांची लांबी-फुगवण वाढावी म्हणून जिबरेलिक ॲसिडच्या पाण्यात एकेक घड बुडवायचा. शेतात त्याला नुसतं ‘जीए’ म्हणतात. हे काम हातानेच होतं. डाव्या हातात द्रावणाचा मग, उजव्या हाताने पानं बाजूला करायची, घड मगात पूर्ण बुडवायचा, बाहेर काढून हलकेच झटकायचा, की पुढचा. मंडपाखाली मान वर करून दिवसभर. द्रावण बाहीतून कोपरापर्यंत ओघळतं. डिसेंबरातल्या सकाळी ते कसं लागत असेल, हे हात घातल्याशिवाय कळायचं नाही. हे काम करणाऱ्यांत अठरा-वीस-बावीस वर्षांची मुलं-मुली फार. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर तालुक्यांतली नागली-भाताची कापणी उरकली की आदिवासी कुटुंबं टोळीने बागायती पट्ट्यात उतरतात. मुकादम एकराचा उक्ता दर ठरवतो, राहायला बागेच्या कडेला शेड किंवा झोपडी. बारावी झालेली, बीएच्या पहिल्या वर्षाला नाव असलेली मुलंही या टोळ्यांत असतात. संध्याकाळी शेकोटीभोवती त्यांच्याही हातात मोबाइल असतो आणि त्यांच्याही स्टेटसवर थंडीची गाणी असतात.

शहराला ज्या थंडीचं कौतुक वाटतं आणि जिला वर्तमानपत्रं गुलाबी म्हणतात, ती द्राक्षाला शब्दशः गुलाबी करते. थॉमसनसारख्या हिरव्या वाणात, मणी पक्व होत असताना रात्रीचा पारा फार घसरला आणि दिवस-रात्रीच्या तापमानात मोठी तफावत पडली, तर मण्यावर गुलाबी छटा येते. शेतकरी त्याला ‘पिंक बेरी’ म्हणतात. असा माल निर्यातीला चालत नाही. त्यावर उपाय म्हणून घडांना कागद लावतात, बऱ्याचदा जुनी वर्तमानपत्रंच. थंडीच्या कौतुकाच्या बातम्या छापलेला कागद थंडीपासून वाचवायला घडाभोवती गुंडाळला जातो, यातली गंमत बागेत उभं राहिल्यावर कुणाला सुचत नाही. पारा आणखी उतरला तर मण्यांची फुगवण थांबते, साखर भरायला वेळ लागतो, मणी तडकतात. मग पहाटे तीन-चारला उठून ठिबक सुरू करायचं, कारण विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं. बागेत जागोजागी शेकोट्या पेटवून धूर करायचा. ही पहाटेची ड्यूटी घरातल्या तरुण मुलाकडे येते. तोच मुलगा सकाळी निफाडचा आकडा फॉरवर्ड करत नाही, कारण तो त्याने रात्रभर अंगावर घेतलेला असतो.

एकाच शिवारात शेजारच्या वावरात गहू असेल तर त्या घरी मात्र याच थंडीने बरं वाटतं. गव्हाला थंडी मानवते, फुटवे चांगले येतात. तेव्हा आनंद की धास्ती, हे बांधाच्या कुठल्या बाजूला उभे आहात त्यावर ठरतं.

आणि थंडीपेक्षा भयंकर म्हणजे थंडीतला पाऊस. २६ नोव्हेंबर २०२३ ला जिल्ह्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. निफाड तालुक्यात बागांचं मोठं नुकसान झालं. छाटणीपासून दीड-दोन महिने औषधं, मजुरी, डिपिंग यांवर पैसा ओतलेला असतो आणि तो काही मिनिटांत जमिनीवर येतो. शिकून, नोकरी न शोधता बाग सांभाळायला परत आलेल्या मुलाला अशा दिवशी बापाच्या तोंडाकडे पाहणं अवघड जातं. मन मोकळं करायची पद्धत घरात नसते. बाप मुलाशी फवारणीबद्दल बोलतो, मुलगा बापाशी बँकेबद्दल.

तुळशीचं लग्न लागलं की आणखी एक विषय निघतो. मंडप पडू लागतात, वर्गमित्रांच्या पत्रिका येऊ लागतात आणि शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही ही गोष्ट चार लोकांत पुन्हा उगाळली जाते. ती आता पोटात ठेवायची गोष्ट राहिलेली नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अविवाहित तरुणांनी बाशिंग बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला. देशभर त्याचं हसू झालं. पण तिशी गाठलेल्या त्या नवरदेवांच्या चेहऱ्यावरचं ओशाळं हसू पाहून नाशिक-नगरकडच्या बऱ्याच गावांतली पोरं गप्प झाली. मुलींच्या बाजूनेही हिवाळा सोपा नसतो. शिकायची इच्छा असलेल्या मुलीला ‘स्थळ पाहायला येणार आहेत’ हे वाक्य याच दिवसांत ऐकावं लागतं, आणि तिच्या नकाराची बातमी होत नाही.

डोंगराकडचा हिवाळा वेगळा. सुरगाणा, कळवण, बागलाणच्या पट्ट्यात मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव असतो. कोकणा आणि भिल्ल समाजातले लोक व्रत धरतात, पावरीच्या सुरावर रात्रभर फेर धरतात, पौर्णिमेला डोंगरावर जातात. बागेत कामाला गेलेली, शहरात शिकायला गेलेली मुलं शक्य तर त्यासाठी गावी येतात. थंडी तिथेही असते, उलट जास्तच. पण रात्र एकट्याने काढायची नसते. मानसोपचारतज्ज्ञ आधाराची जाळी, गटाची ऊब असं जे सांगतात, ते तिथे शेकडो माणसांच्या फेरात आपोआप होतं. याचा अर्थ आदिवासी तरुणांना दुःख नसतं असा नव्हे. त्यांच्यापैकी अनेकांना पौर्णिमा झाल्यावर पुन्हा डिपिंगचा मग धरायचा असतो.

मग हे सगळं सांगायचं कुणाला? अनेक तरुण ते कुणालाच सांगत नाहीत, लिहितात. कुणी वहीत, कुणी मोबाइलच्या नोट्समध्ये, कुणी स्टेटसवर चोवीस तासांपुरतं. मराठीत हे नवीन नाही. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ मध्ये आली, तेव्हा ते पंचविशीत होते. खानदेशातून पुण्याला शिकायला गेलेल्या पांडुरंग सांगवीकरचं वसतिगृह, मेस, उधाऱ्या, नापास होणं, धाकट्या बहिणीचा मृत्यू, सगळ्याचा आलेला कंटाळा हे तिचं विश्व. मधला काही भाग तर डायरीचाच आहे. आजची मुलं ती वाचतात तेव्हा मोबाइल नाही एवढं सोडलं तर त्यातलं फारसं काही जुनं वाटत नाही.

लिहिल्याने बरं वाटतं का, हे प्रयोगातूनही पाहिलं गेलं आहे. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना ओळीने चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहायला बसवलं. काहींना साध्या विषयांवर, काहींना आयुष्यातल्या सर्वांत क्लेशकारक अनुभवावर. क्लेशाबद्दल लिहिणाऱ्यांना लिहून उठल्यावर आधी वाईटच वाटलं. पण ज्यांनी घडलेलं आणि त्याबद्दल वाटलेलं, दोन्ही लिहिलं, त्यांच्या पुढच्या सहा महिन्यांतल्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. नंतर असे पुष्कळ प्रयोग झाले. त्यांची एकत्र बेरीज केल्यावर फायदा दिसतो, पण लहानसा. वहीत लिहिणं म्हणजे औषध नव्हे. उलट तेच ते दुःख रोज रात्री घोळवत बसणं घातक ठरू शकतं. सुझन नोलेन-होक्सेमा या मानसशास्त्रज्ञांनी आयुष्यभर याच सवयीचा अभ्यास केला. माझंच असं का, मीच असा का, या प्रश्नांभोवती मन फिरत राहिलं तर उदासी लांबते, असं त्यांना वारंवार आढळलं. मुलं स्वतः त्याला ‘ओव्हरथिंकिंग’ म्हणतात आणि ते करून झाल्यावर पहाटे म्हणतात. काय झालं, केव्हा झालं, त्यात मी काय केलं, असं ओळीने लिहिणारा त्या चक्रातून बाहेर यायची शक्यता जास्त. स्टेटसवर टाकलेली ओळ ही त्यातल्या त्यात कच्ची सोय. ती कुणीतरी पाहावी म्हणून लिहिलेली असते, आणि जिने पाहावी ती पाहत नाही.

काहींचं दुःख मात्र लिहिण्याच्या आणि गप्पांच्या पलीकडचं असतं. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत २००५ मध्ये दिसलं होतं की आयुष्यात केव्हातरी मानसिक आजार झालेल्यांपैकी निम्म्यांना तो १४ व्या वर्षापर्यंत आणि तीनचतुर्थांश लोकांना २४ व्या वर्षापर्यंत सुरू झालेला असतो. आपल्याकडे बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली. तिच्यात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या घडीला कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचं आढळलं, आणि बहुतेक आजारांत ७० टक्क्यांहून अधिक लोकांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. पाहणी १२ राज्यांत झाली, त्यांत महाराष्ट्र नव्हता. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर तो ऋतूचा दोष समजून फेब्रुवारीची वाट पाहू नये. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनाशुल्क आणि मराठीतूनही बोलता येतं. नाव सांगायची सक्ती नाही. वसतिगृहाच्या सूचना फलकावर मेसच्या बिलाशेजारी हा क्रमांक लावायला कुणाची हरकत असू नये.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ चित्रपटाला २०१७ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळालं, तेव्हा नैराश्य आलेला तरुण मराठी पडद्यावर असा शांतपणे पाहायची सवय प्रेक्षकांना नव्हती. त्यात त्याला कुणी लेक्चर देत नाही. जेवायला घालतात, झोपू देतात, सोबत बसतात. आपल्याकडच्या मित्रमंडळींना ‘अरे, टेन्शन घेऊ नको’ याच्या पुढचं वाक्य अजून नीट सापडलेलं नाही. पण रात्री साडेअकराला ‘चल, चहा मारून येऊ’ म्हणत दुचाकीची किल्ली फिरवणारा मित्र असतो, आणि त्या फेरीत चौकातल्या शेकोटीपाशी तासभर काही न बोलता उभं राहता येतं. ट्रोम्सोच्या काळोख्या हिवाळ्यातही लोक तग कसे धरतात, हे पाहायला कारी लाइबोविट्झ ही अमेरिकी मानसशास्त्रज्ञ तिथे जाऊन राहिली होती. हिवाळा ही सोसायची गोष्ट नसून त्याचीही मजा असते असं मानणारे लोक तिथे जास्त समाधानी असल्याचं तिला आढळलं. नाशिककरांना हे सांगायला नॉर्वेची गरज नव्हती, त्यांची मिसळीची भट्टी पहाटेच पेटलेली असते.

जानेवारीच्या मध्यावर येवल्यात तर हिवाळा गच्चीवरच चढतो. भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस गावात पतंगांशिवाय दुसरा विषय नसतो. बाहेर फिरकी असते, येवल्यात आसारी. लाकडी, मोठी, दोन्ही हातांत धरून फिरवायची. मांजा घरी सुतायचा, हलगी लावायची, पतंग कापला की सगळ्या गच्च्यांवरून ‘गई बोला रे धिना’ असा एकच गलका. नोकरीसाठी पुण्या-मुंबईत गेलेली पोरं रजा टाकून येतात. नायलॉन मांजावर बंदी आहे. त्याने पक्ष्यांचे पंख आणि दुचाकीवाल्यांचे गळे कापले गेले आहेत, म्हणून पोलीस संक्रांतीआधी दुकानं तपासत हिंडतात. तरी दरवर्षी तो कुठून तरी येतोच, आणि जुनी मंडळी सुती मांजाच्या पोरांना वेगळा मान देतात. तीन दिवस ऊन, वारा, तिळाची वडी आणि कापलेली बोटं. त्यानंतरच्या सकाळी पहिल्या तासाला हजेरी किती लागते, ते येवल्यातल्या कुठल्याही प्राध्यापकाला विचारावं.